आठवी साडी

माझी सून हेमलता गावात आशाताई आहे. कोणाला कितवा महिना लागला, ते तिच्या वहीत असतं आणि वही पेटीत, कुलपात. मला अक्षर जेमतेम लागतं, पण गावातली पोटं वहीवाचून पाठ.

निवडणूक आली तसं उमेदवार लोटनभाऊंनी देवळात गरोदर बायांची ओटी भरायचं काढलं. पोट पाडणारी बाई पापीण, असं ते दर सभेत सांगतात. हेमलतानं त्यांना वही दिली नाही. ती बाहेर पडल्यावर ते पुन्हा आले आणि साड्यांचा गठ्ठा खाटेवर ठेवला.

"आक्का, नावं तरी सांगा."

साड्या चांगल्या होत्या. मी बोटांवर सात नावं मोजली. रुपलीचं गाळलं, ते लोटनभाऊंनी हेरलं आणि अहिराणीत आले.

"रुपलीनं नाव राही गयं, आक्का. तिलेबी दिवस व्हतात ना?"

रुपलीचं बाळ पोटात नीट नव्हतं. डॉक्टरांच्या सांगण्यावरून हेमलतानंच तिला जळगावला नेऊन पिशवी साफ करून आणली होती. ते आम्हा तिघींनाच ठाऊक. खोटं बोलायला मी काही कच्ची नाही, पण तेव्हा विषय टाळून मी चहा टाकायला उठले.

लोटनभाऊंनी सावकाश चहा संपवला, सात साड्या माझ्याकडे ठेवल्या, आठवी काखेत घेतली आणि रुपलीच्या गल्लीकडे वळले.