दोन खिळ्यांमधली जागा

मुलांनो, रायपूर नव्या छत्तीसगडची राजधानी झालं तेव्हा तुमच्या आजोबांची इथे बदली झाली आणि आम्ही एक जुनं घर भाड्याने घेतलं. दाराच्या चौकटीत गंजलेल्या खिळ्यांची लांबच लांब ओळ होती. ते उपटून चौकटीला रंग द्यायचं मी ठरवलं होतं.

त्याआधीच हरेली आली, आपल्या आषाढ अमावस्येला येणारा इथला शेतकऱ्यांचा सण. त्या सकाळी इथले लोहार घरोघरी चौकटीत एक खिळा ठोकतात, वर्षभर आजारपण आत येऊ नये म्हणून. आमच्या दारातही एक म्हातारा लोहार येऊन उभा राहिला.

"नको भैया, आधीचेच काढायचे आहेत," मी म्हटलं.

त्याने हातोडी काखेत धरली आणि एकेका खिळ्यावरून अंगठा फिरवला. "ये मास्टरजी के समय के. ये रेलवे वाले बाबू के, आप ही जैसे मराठी." मग दोन खिळ्यांमधल्या मोकळ्या जागेवर अंगठा थांबला. "उस साल मैं नहीं आया, दीदी. आलस कर गया. उसी बरसात में बाबू की छोटी बिटिया बुखार में चली गई."

"त्यांनी तुम्हाला दोष दिला?"

"नहीं. अगले साल आया, तो उसकी माँ ने चाय पिलाई." तो खाली बघत म्हणाला, "तब से एक भी हरेली नहीं छोड़ी."

ताप कशाने येतो, हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं आणि दारातून बाजूला झाले.