इन्शासाठी एकच पिशवी

येवल्यात पैठणी विणणाऱ्या जुलेखाच्या तान्ह्या इन्शाच्या हृदयाला छिद्र होतं आणि तिचा रक्तगट फार दुर्मिळ होता. खूप शोधल्यावर एकच दाता मिळाला, कळवणचा हर्षल. त्यानं नाशिकच्या हॉस्पिटलात येऊन इन्शाच्या ऑपरेशनसाठी एक पिशवी रक्त दिलं.

"एवढ्यात भागेल का हो, मॅडम?" जुलेखानं डॉक्टरांना विचारलं.

"भागवू. ऑपरेशनच्या वेळी हृदयाचं काम करणाऱ्या मशीनच्या नळ्या बारीक आणि आखूड घेऊ, म्हणजे त्या भरायला रक्त कमी लागेल. तिचंच वाहिलेलं रक्त गोळा करून, साफ करून तिला परत देऊ. तपासणीलाही अगदी थोडंच काढू."

ऑपरेशन चाललं तोवर जुलेखा बाकावरून हलली नाही. हर्षलही घरी न जाता तिच्या माणसांबरोबर थांबला.

दुपारी मॅडम बाहेर आल्या. "पोरगी छान आहे. पिशवीतलं अर्धंही लागलं नाही."

जुलेखाला आधी हसू फुटलं, मग रडू. डोळे पुसत ती हर्षलला म्हणाली, "भाऊ, आता घरी जा. आई वाट बघत असेल."

"भाचीला बघतो, मग निघतो," तो म्हणाला.

काचेपलीकडे इन्शा शांत झोपली होती. तिचे ओठ गुलाबी दिसत होते.