घोंगडीतून आलेला हात

मी रागीट आहे हे आमच्या दवाखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मला त्याची लाजही नव्हती. एकोणीसशे सत्तावन्न सालच्या पावसाळ्यात तापाची साथ आली तेव्हा समुद्रपूरकडच्या त्या बारा खाटांच्या दवाखान्यात मायक्रोस्कोपवर बसणारी मी एकटीच. वय बावीस, नागपूरला शिकून आलेली, त्यामुळे नाक जरा वरच. रोज सकाळी व्हरांडा माणसांनी भरून जायचा. सगळ्यांना तोच ताप, तोच खोकला. कोणाला खाट द्यायची आणि कोणाला पेज पिऊन पडून राहायला घरी पाठवायचं, हे डॉक्टर छाती तपासून ठरवत. शंका आली की माझ्याकडे बघून दोनच शब्द बोलत, "काउंट करा."

काउंट म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजायच्या. या तापात त्या थोड्या कमी होतात, त्याची फिकीर नसे. एकदम वाढल्या तर फुप्फुसात दुसरं दुखणं शिरलं असं समजायचं. आणि ताप चढलेला असून पेशी अगदीच तळाला गेल्या असतील, तर डॉक्टर चष्मा काढून नुसते डोळे चोळत बसत.

पेशी मोजल्या की मग त्यांच्या जाती मोजायच्या. काचेवर रक्त पसरून, रंग देऊन, शंभर पेशी बघायच्या. नोंद करायला डोळा काढला की जागा चुकते. म्हणून मी डाव्या हाताशी तीन वाट्या ठेवल्या होत्या: तुरीचे दाणे, सरकी आणि गुंजा. डोळा भिंगाला, बोटं वाट्यांत. जी पेशी दिसेल तिचा दाणा ताटलीत टाकायचा. गुंजा होत्या, रंग दिल्यावर आत लाल कण दिसणाऱ्या पांढऱ्या पेशींसाठी. या पेशी दम्यात आणि जंतांत वाढतात, पण जोराच्या तापात रक्तातून जवळजवळ नाहीशा होतात. साथ सुरू झाल्यापासून गुंजांच्या वाटीला माझा हात क्वचितच लागला होता.

त्या सकाळी एक सासू आपल्या सुनेला बैलबंडीतून घेऊन आली. सुनेला सातवा महिना. दोघी एकाच घोंगडीत बसलेल्या, सासूचं तोंड बाहेर, श्वास घरघरता, सून पूर्ण आत. आमच्याकडे तरण्या सुना डॉक्टरांसमोर तोंड दाखवत नसत, तपासणीही कपड्यावरूनच व्हायची. डॉक्टरांना सुनेच्या छातीत खरखर ऐकू आली. ते म्हणाले, "काउंट करा."

मी म्हटलं, "हात द्या." घोंगडीतून हात आला. मी बोट टोचलं, रक्त ओढलं, काचेवर पसरलं आणि पुढच्या माणसाकडे वळले. आत जाऊन मोजलं तर साडेसहा हजार. एकदम ठीक. डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी गोळ्या दिल्या, आराम सांगितला, आणि बंडी निघाली.

जाती मोजायला मी बसले तेव्हा ती जाऊन अर्धा तास झाला असेल. मोजता मोजता बोटं सारखी गुंजांच्या वाटीत जायला लागली. एक, दोन, पाच. शंभर भरले तेव्हा ताटलीत अकरा गुंजा होत्या. मला आधी वाटलं काच बदलली. काच तीच होती, नंबर तोच. मग हे रक्त तापानं फणफणलेल्या बाईचं असूच शकत नव्हतं. आणि मला सासूचा तो घरघरता श्वास आठवला, दम्याचा.

अंगाचा नुसता तिळपापड झाला. सुई आणि नळ्या डब्यात टाकल्या, डॉक्टरांना ओरडून सांगितलं, "रक्त दुसरीचंच आहे!" आणि निघाले. काळ्या मातीचा चिखल, चपला हातात, दोन्हीकडे कपाशीची पऱ्हाटी. नाल्याला पाणी होतं म्हणून बंडी अलीकडेच थांबली होती. नाहीतर मला ती काही सापडत नव्हती. मी जाऊन बैलांसमोर उभी राहिले.

"मावशी, बोट कोणाचं दिलं?"

"माह्यं देल्लं," सासू म्हणाली. चेहऱ्यावर अपराधीपणा वगैरे काही नाही. "दोन जिवाची हाये थे. तिच्या आंगातलं रक्त लेकराचं राह्यते. थे काऊन सांडू देऊ मी? तुले रक्तच पायजे होतं ना? देल्लं."

"अवं, पण ताप हिला आहे का तुम्हाला?"

"एकाच घरचं खातो आमी. रक्तात काय फरक राह्यते?"

मी काय काय बोलले ते लिहीत नाही, त्या वयात जीभ फारच सैल होती. सासूही काही कमी नव्हती. बंडी हाकणारा तिचा मुलगा एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघून राहिला. आमचं हे चालू असताना घोंगडी हलली आणि आतून एक हात बाहेर आला. बारीक, काचेच्या हिरव्या बांगड्यांचा, चटका बसेल इतका तापलेला. आत्ता मी घोंगडी वर केली. अठरा-एकोणीस वर्षांची पोर, ओठ निळसर झालेले. ती म्हणाली, "घ्या, बाई." एवढं बोलायलाही तिला दोनदा श्वास घ्यावा लागला.

मी रक्त घेतलं. मुलानं काही न विचारता बैल वळवले.

पेशी दोन हजारही भरेनात. मी पुन्हा मोजल्या, तेवढ्याच. डॉक्टरांनी चष्मा काढला. मी म्हटलं, "खाट द्या." ते म्हणाले, "खाट देतो, पण आशा धरू नका." मी म्हटलं, "आशा तुमच्याकडे मागितलेली नाही, पेनिसिलिन मागितलंय." असं बोलल्याबद्दल एरवी त्यांनी मला घरी पाठवलं असतं. त्या दिवशी ते उठून इंजेक्शन भरायला गेले.

मी रोज सकाळी तिचं बोट टोचायचे. दुसऱ्या दिवशी आकडा तिथंच. तिसऱ्या दिवशी पोटातलं लेकरू गेलं. मुलगा होता. डॉक्टर म्हणाले, आता तिला टोचून छळू नका. मी ऐकलं नाही. चौथ्या दिवशी मी गेले तेव्हा सासूनंच सुनेचा हात उचलून माझ्यापुढं धरला. बोट घट्ट धरून ठेवलं. पाचव्या दिवशी पेशी वाढल्या, सहाव्या दिवशी आणखी. ताप उतरायच्या आधीच ती वाचणार हे मला कळलं होतं, आणि मी मायक्रोस्कोपवर डोकं ठेवून भडाभडा रडले.

पंधरा दिवसांनी ती चालत बंडीपर्यंत गेली. सासू मागं राहिली, माझ्याजवळ आली. मला वाटलं आता आभार मानेल, नाहीतर भांडेल.

"बाई," ती म्हणाली, "लेकरू तं गेलं. पण त्या दिवशी मी दोघाईलेबी मराले घरी घेऊन चालली होती."

तिच्या तोंडाकडं बघवेना. हात कोणाचा हे न बघता ते रक्त घेतलं होतं कोणी?

"घरी मीच पाठवलं होतं, मावशी," मी म्हटलं.