लिफ्टमध्ये चिकटवलेलं माझं आधारकार्ड

सर्व्हिस लिफ्टचं दार उघडलं आणि समोर माझाच चेहरा. माझ्या आधारकार्डाची मोठी केलेली झेरॉक्स. नाव, चाळ, खोली, सगळं. खाली मोबाइल नंबर. वर लाल स्केचपेनने लिहिलेलं, "चोर. हिला कामाला ठेवू नका."

परळच्या त्या टॉवरमध्ये मी सहा वर्षं तीन घरचा स्वयंपाक करत होते. गेटपाससाठी ती झेरॉक्स मीच दिली होती, विश्वासाने. बाराव्या मजल्यावरच्या मॅडमचं कानातलं सापडत नव्हतं. त्यांनी मला विचारलंसुद्धा नाही. थेट लिफ्ट. सोसायटीच्या ग्रुपवरही तोच कागद, सोबत एक ओळ, "आडनाव बघूनच कळायला हवं होतं." ती ओळ मला दुसऱ्या घरच्या आजींनी दाखवली. ग्रुपवर मात्र त्या काही बोलल्या नाहीत.

मी तो कागद फाडला नाही. त्याच्याकडे पाठ करून, मान खाली घालून वर गेले. त्याची लाज मला आजही वाटते.

चौथ्या दिवशी कानातलं मॅडमच्याच जिमच्या बॅगेत सापडलं. "सापडलं गं. विषय संपला," म्हणाल्या.

संपला नाही. माझा फोन वाजायला लागला. अनोळखी पुरुष. एक शिव्या द्यायचा. एक नुसता श्वास घ्यायचा. एक माझा खोली नंबर म्हणून दाखवायचा, सावकाश. फोन मी तांदळाच्या डब्यात ठेवला, तरी आतून घुरघुर ऐकू यायची. बंद केला तरी यायची. मग एका दुपारी एक माणूस गॅलरीत येऊन उभा राहिला. माझ्या मुलीने दार उघडलं. त्याने माझं पूर्ण नाव घेतलं, हसला आणि निघून गेला. तेव्हापासून पोर कडी लावते आणि पुन्हा पुन्हा ओढून बघते.

मी दारावरची नावाची पाटी काढली. माझ्या गिरणी कामगार बापाने आडनाव ठसठशीत रंगवून लावलेली पाटी. ती कपाटात कोंबताना मला माझाच राग आला. मी काय केलं होतं? मी का लपायचं?

पाटी परत लावली आणि पोलीस ठाण्यात गेले.

हवालदार म्हणाले, "ताई, नाव तुमचंच, नंबर तुमचाच. खोटं काय आहे त्यात? गुन्हा कसा होतो?"

मी म्हटलं, "साहेब, तुमच्या घरचा पत्ता इथे भिंतीवर लावते. वर चोर लिहिते. चालेल?"

कोणतं कलम लागतं ते त्यांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. आमच्या विहारात येणाऱ्या वकीलताईंनी ते शोधलं. तिसऱ्या खेपेला तक्रार नोंदली गेली.

परवा मॅडम चाळीत आल्या. पहिल्यांदाच. पत्ता कुणाला विचारावा लागला नसेल. दारात उभ्या राहून हळू आवाजात म्हणाल्या, "मागे घे ना. कोर्टात माझं नाव येईल, घरचा पत्ता येईल. कुठे छापून आलं तर? मलाही मुली आहेत गं."

खरंच घाबरल्या होत्या. ती भीती मी ओळखते. त्यांचा फोटो, नंबर, फ्लॅट, सगळं माझ्या मोबाइलमध्ये आहे. मी ते कुठेही टाकणार नाही. त्यांच्या मुलींनी कडी ओढत बसावं असं मला वाटत नाही. पण तक्रारीतून त्यांचं नाव निघणार नाही.

"आधी अहो म्हणा," मी म्हटलं. "आणि कोर्टाच्या तारखेला या."