ज्ञानू कांबळेची जागा

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायको गेली, तिच्यापाशीही नाही. दोनदा तोंडाशी आलं होतं — दोन्ही वेळा मी तिच्याकडे पाणी मागितलं.

मग आजच का? गेल्या महिन्यात घरी चारजण चहाला आले होते. राखीव जागांचा विषय निघाला आणि एक गृहस्थ तावातावानं म्हणाले, "गुण बघा हो, जन्म कशाला बघता?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी हातातली बशी खाली ठेवली. वाक्य माझं होतं! शब्दन् शब्द माझा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, सांगलीत, भरल्या सभागृहात मी ते म्हटलं होतं आणि टाळ्या घेतल्या होत्या. आता ते माझ्याच घरात, माझाच चहा पीत कुणीतरी मला ऐकवत होतं. असा संताप आला! त्या गृहस्थांचा? छे. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक?

आधी मी कोण होतो ते सांगतो. वाईच्या एका गरीब भिक्षुकाचा मुलगा. मॅट्रिक झालो आणि सांगलीला कॉलेजात आलो. राहायला देवळाची ओवरी, तीही फुकट. जेवायला वार लावलेले — सोमवारी वकिलांकडे, मंगळवारी निवृत्त मामलेदारांकडे, बुधवारी वैद्यबुवांकडे, असे सात दिवस, सात घरं, सात पाट. नादारीमुळे फी माफ होती. पुस्तकं आमच्याच जातीच्या एका फंडातून आली. हे सगळं मला का मिळत होतं? हुशार होतो म्हणून? काही तरीच! माझ्यापेक्षा हुशार आणि माझ्यापेक्षा उपाशी पोरं जिल्ह्यात पैशाला पासरी होती. मला मिळत होतं ते ब्राह्मणाचा मुलगा म्हणून. पण त्याला कुणी सवलत म्हणत नसे. त्याला पुण्य म्हणत. मीही तसंच म्हणायचो आणि ताटावर बसायचो.

ज्ञानू कांबळे तासगावकडच्या एका खेड्यातला. जातीनं महार. बाप पलटणीत, आई दुसऱ्यांच्या रानात भांगलायला जाणारी. त्याला कुठला वार? महारवाड्यात एका लांबच्या मामाकडे राहायचा, पहाटे उठून स्वतःच्या भाकरी स्वतः थापायचा आणि विश्रामबागेच्या रस्त्यानं चालत कॉलेजात यायचा. गणित म्हणाल तर — आम्ही फळ्यावरचं उतरवून घेईपर्यंत त्याचं उत्तर निघालेलं असायचं. मी गणितात दगड. तो मला कॉलेजमागच्या लिंबाखाली बसून शिकवायचा. समजलं नाही की पुन्हा सांगायचा, चिडायचा नाही. आमच्यात हातभर अंतर असायचं. ते त्यानं ठेवलं होतं की मी? मीच.

पहिल्या वर्षी कॉलेजच्या संमेलनात वादविवाद ठेवला होता. मागासलेल्यांसाठी कॉलेजात जागा राखून ठेवाव्यात की नाही, हा विषय. आमच्याकडे तशा दोन-तीन जागा नुकत्याच ठेवल्या होत्या आणि गावात त्यावरून बरीच कुजबुज होती. मी विरुद्ध बाजूनं उभा राहिलो. आवाज बरा होता, पाठांतर चांगलं होतं. पण मध्येच जाणवलं, सभा जांभया देते आहे. मग मी भाषणाच्या वहीत नसलेलं बोललो. म्हटलं, "लांब कशाला जायचं? माझ्याच वर्गात असा एकजण बसतो. त्याला जागा कशानं मिळाली — गुणांनी की जन्मानं? गुण बघा हो, जन्म कशाला बघता?" नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती, आमच्या वर्गात तो एकटाच होता! सगळं सभागृह वळून मागच्या बाकाकडे बघायला लागलं. आणि टाळ्या — काय टाळ्या पडल्या! पहिलं बक्षीस मला मिळालं. दुसऱ्या दिवसापासून वर्गात ज्ञानूला 'राखीव' असं नाव पडलं.

तुम्ही म्हणाल, तरुण वय, तसं वाटत असेल, बोलून गेला. वाटत असतं तर आज मी हे लिहीत बसलो नसतो. मला ठाऊक होतं. नादारीच्या बदल्यात मी रोज दोन तास कॉलेजच्या कचेरीत लिखापढी करायचो आणि प्रवेशाची वही माझ्याच हाताखालची. मॅट्रिकच्या गुणांनी लावलेल्या खुल्या यादीत ज्ञानू कांबळे सतरावा होता. राखीव जागेचा आणि त्याचा काडीचाही संबंध नव्हता. हे मला व्यासपीठावर चढताना ठाऊक होतं, बोलताना ठाऊक होतं, बक्षीस घेतानाही ठाऊक होतं.

इथेच थांबलो असतो तर निदान एकच खोटं झालं असतं.

दुसऱ्या वर्षी, परीक्षा जवळ आल्यावर, ज्ञानूला पुण्याला इंजिनियरिंगला अर्ज करायचा होता. गणिताच्या सरांचं शिफारसपत्र हवं होतं. सर माणूस म्हणून सरळ होते, पण भाषणाला तेही हजर होते. त्यांनी त्याला बघू म्हणून सांगितलं. ज्ञानू लिंबाखाली माझ्याकडे आला. संमेलनानंतर इतक्या महिन्यांत तो पहिल्यांदाच माझ्याशी बोलत होता.

"गड्या, तू हापिसात बसतोस. वही तू बगितलीयास," तो म्हणाला. "सरांस्नी येवडंच सांग, म्या गुणावर आलोय. दुसरं काय बी नगं मला."

भाषणाबद्दल एक अक्षर नाही. मी म्हणालो, सांगतो.

चार दिवसांनी सर आपणहून कचेरीत आले. "काय रे, हा कांबळे कुठल्या यादीतला?" त्यांनी विचारलं. "राखीव असेल तर तिकडेही त्यांच्यासाठी जागा असतीलच, माझं पत्र कशाला हवंय त्याला? बघ जरा वहीत."

वही माझ्या कोपरापाशी होती. मी ती उघडली नाही. उघडली असती तर सरांना ज्ञानूचं नाव दिसलं असतं, आणि त्याच पानावर, यादी संपून रेघ मारल्यानंतर, तिच्या खाली वेगळ्या शाईत घुसवलेलं आणखी एक नाव दिसलं असतं. माझं. मॅट्रिकला मला यादीत बसण्याइतके गुणच नव्हते. मंगळवारच्या घरच्या मामलेदारांनी वर चिठ्ठी दिली — आपला मुलगा आहे, गरीब आहे, बघा — आणि माझी जागा झाली. गुण बघा, जन्म कशाला बघता! हे कोण म्हणत होतं? मी! अशा माणसाला सभागृहातून कान धरून बाहेर काढायला हवं होतं. त्याला बक्षीस दिलं.

"राखीव, सर," मी म्हणालो.

सर बरं म्हणाले आणि निघून गेले. ते दारापर्यंत जाईतो मी त्यांना हाक मारू शकत होतो. कचेरी लहान नव्हती, दहा-बारा पावलं असतील.

पत्र मिळालं नाही. अर्जाची मुदत गेली. बापाच्या ओळखीनं पलटणीच्या कचेरीत नोकरी मिळत होती, ती धरायची असं ज्ञानूनं ठरवलं आणि परीक्षेला न बसताच तो दाखला न्यायला आला. सरांना काय सांगितलंस, हे त्यानं मला विचारलं नाही. पत्र आलं नाही, यातच त्याला सगळं कळलं असणार. दाखले लिहायचं काम माझ्याकडेच होतं. नाव लिहिलं, गाव लिहिलं, वर्तणूक चांगली असं लिहिलं. शेवटचा रकाना कॉलेज सोडण्याच्या कारणाचा. मी खाली मान घालूनच विचारलं, काय लिहू?

"तुला ठावं हाय की," ज्ञानू म्हणाला. "तूच लिव्ह."

मी लिहिलं — घरगुती अडचण. त्यानं कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि गेला. दाखल्यावर सही हेडक्लार्कची आहे. अक्षर माझं आहे.