गालातले फुटाणे

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बायको गेली, तिलाही नाही. तुम्हाला सांगतो, कारण — कारण काय, आता पोटात मावत नाही.

निजामाचं राज्य होतं. परभणीच्या एका दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. आमचे डॉक्टरसाहेब हिवतापाचा अभ्यास करायचे. त्यासाठी चारठाण्याकडून धरून आणलेली लहान माकडं मागच्या खोलीत, पिंजऱ्यात असायची. त्यांचं खाणंपिणं रहीमचाचांकडे. भूल देताना फडक्यावर क्लोरोफॉर्मचे थेंब सोडायचे आणि छातीवर बोटं ठेवून श्वास बघायचा, हे काम माझं. साहेबांचा दंडक एकच — भूल देण्याआधी माकडाच्या पोटात कणही जाता कामा नये.

आणि मी काय केलं? शनिवार होता. मारुतीचं दर्शन घेऊन आलो, हातात गूळ-फुटाणे. गजांतून चिमुकला हात बाहेर आला. शनिवारी माकडानं हात पसरला तर आमच्यात कुणी नाही म्हणतं का? दिले मूठभर. माकड सगळं गिळत नाही, गालात साठवून ठेवतं — हे रोज बघत होतो, तरी दिले.

थोड्या वेळानं त्यालाच टेबलावर घेतलं. भूल चढली, गाल सैल पडले. माझ्या बोटांखालची छाती हलेना. ओठ निळे पडले. साहेबांनी तोंडात बोट घालून फुटाणे ओढून काढले, माकडाला उलटं धरलं, छाती दाबत राहिले. शेवटी ते खोकललं. खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मग साहेबांनी चाचांना विचारलं.

"म्या न्हाई दिलं, साहेब. लेकरावानी हाय ते मला."

साहेब माझ्याकडे वळले. मी दिले — एवढंच तर म्हणायचं होतं. पण नोकरी डोळ्यांपुढे आली. म्हणालो, "चाचांनीच टाकले असतील." असतील! खोटं बोलतानाही पळवाट ठेवली, बघा.

त्याच दुपारी चाचांना काढलं. जाताना ते पिंजऱ्यापाशी बसले, माकडाचा गाल बोटानं चाचपला, रिकामा आहे ना म्हणून. मग किल्ली माझ्या हातात दिली.

"शनवार आसला तरी देऊ नका, कंपाउंडरसाब."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. तरी साहेबांपुढे त्यांनी माझं नाव घेतलं नाही. आणि मी? पुढे ते कुठं गेले, काय खाल्लं, याची साधी चौकशीही केली नाही.

फुटाणे मी दिले होते. बोललो एकदाचं. मोकळं वाटतंय.