दांडा ‘सडक’वर होता

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. मी याद्या करणारी बाई आहे — बाजाराची, प्रवासाची, औषधांची, कुणाला फोन करायचा राहिलाय त्याची. एकाही यादीत ही गोष्ट कधी आली नाही. विसरले होते? छे. एकदा लिहिलं की मला ते करावंच लागतं, ही माझी सवय मला ठाऊक आहे.

तर सांगते. सरळ सांगता येईल का, माहीत नाही.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. मी बनारसला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. बाबा बँकेत, बदली होऊन आलेले. आम्ही मंगला गौरीच्या देवळाजवळ भाड्याने राहायचो. माधव माझ्या वर्गात. त्याचं घर रामघाटावर. चार पिढ्या वेदपाठात गेलेल्या, आणि हा मुलगा भंगारातून गाड्यांचे सांगाडे उचलून आणणारा. मराठी बोलायला लागला की तीन वाक्यांत हिंदीत घसरायचा. आमच्या वर्गात मराठी आम्ही दोघंच, त्यामुळे त्याचा प्रकल्प आपोआप माझाही झाला. गाडी त्याची, कागद माझे.

ती गाडी म्हणजे दोन सीटची, उघडी, जमिनीला टेकेल इतकी बुटकी. आम्ही तिला बिनधास्त स्पोर्ट्स कार म्हणायचो. तिची खुबी अशी की तिची मागची चाकंही वळायची. दोन सीटांच्या मध्ये एक लोखंडी दांडा होता. त्याच्या एका बाजूला माधवने पांढऱ्या रंगाने लिहिलं होतं ‘गल्ली’, दुसऱ्या बाजूला ‘सडक’. दांडा गल्लीवर असला की मागची चाकं पुढच्या चाकांच्या उलट वळायची, आणि गाडी कमरेत वाकल्यासारखी इवल्याशा जागेत फिरायची. सडकवर असला की मागची चाकं पुढच्यांच्याच दिशेने वळायची — अगदी थोडी. ते वेगासाठी. वेगात मागची चाकं उलट वळली तर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जाणार, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

चाचणी रामनगरच्या पुढे एका अर्धवट राहिलेल्या रस्त्यावर ठरली. डिसेंबरची सकाळ, धुकं नुकतं उठलेलं. गाडी मी चालवणार होते. वजन कमी म्हणून, असं सगळ्यांना सांगितलं होतं. खरं तर मी हट्ट धरला होता. वर्गातली दहा-बारा मुलं बघायला आली होती. त्यांतला एक ओरडला, “मैडम, गंगाजी में मत उतार दीजिएगा, हमको तैरना नहीं आता!” सगळे हसले. मीही हसले. पण लागलं ते.

पहिली फेरी सडकवर. साठचा वेग, आणि मधे ठेवलेल्या विटांना बगल देऊन शेजारच्या पट्ट्यात जायचं. ते कसं वाटलं, सांगू? एरवी गाडी आधी नाक वळवते, मग मागचा भाग पाठोपाठ येतो, आणि त्या दोन क्षणांच्या मधे पोटात काहीतरी हलतं. इथे ते मधलं काही नव्हतंच. अख्खी गाडी एकदम बाजूला सरकली, प्रवाहाने नाव अलगद ढकलावी तशी. स्टिअरिंग हातात शांत. मी मोठ्याने हसले. पुढे पोटापाण्यासाठी पुष्कळ गाड्या चालवल्या, पण तसं वाटलं नाही.

टोकाला रस्ता अरुंद होता. परत फिरायला मी दांडा गल्लीवर घेतला, एका दमात वळले, समोर रिकामा रस्ता दिसला आणि —

दांडा परत सडकवर न्यायचा राहिला. चाचणीसाठी केलेल्या यादीत होतं. सातवं कलम, माझ्याच अक्षरात. यादी माझ्या खिशात होती. पण तिकडे मुलं उभी होती, आणि मला दुसरी फेरी आणखी जोरात करून दाखवायची होती.

विटांपाशी स्टिअरिंग जरासं फिरवलं आणि मागचा भाग माझ्या खांद्याला वळसा घालून पुढे आला. दोन गिरक्या. मग गाडी मातीत उतरली आणि थांबली. मला खरचटलंसुद्धा नाही. सगळीकडे धूळ, इतकी की मला मुलं दिसत नव्हती. म्हणजे त्यांनाही मी दिसत नव्हते.

आता ऐका. तो दांडा चाकं सरळ असल्याशिवाय हलायचाच नाही, माधवने मुद्दाम तशी सोय केली होती. म्हणजे मला आधी स्टिअरिंग सरळ करावं लागलं. ते मी केलं. मग दांडा ओढला, सडकवर. दोन कामं, नीट, एकामागून एक. घाबरून हात गेला असं म्हणायची सोय नाही. घाबरलेला हात इतकं व्यवस्थित काम करतो का?

माधव धावत आला. गाडीकडे त्याने पाहिलंच नाही, आधी माझे हात, कपाळ, मान पाहिली. “कुठे लागलं? वैशाली, सच-सच सांग, कुठे लागलं?” मग त्याची नजर खाली गेली. “सडकवरच आहे,” तो स्वतःशीच म्हणाला.

“सडकवरच होता,” मी म्हटलं.

का? मैडमच्या हाती गाडी दिली की असंच व्हायचं, हे ऐकायचं नव्हतं म्हणून. एवढंच कारण होतं. इतकं लहान.

पुढचे तीन महिने माधव नसलेला दोष शोधत होता. सांधे उघडले, चाकं वळवणाऱ्या सळ्यांची लांबी मोजली, सगळं गणित पहिल्यापासून मांडलं. आणि मी काय केलं? यादी केली. संभाव्य कारणांची — एक्केचाळीस. रोज दुपारी वर्कशॉपमध्ये मी एकेक वाचायची, तो तपासायचा, मी काट मारायची. बेचाळिसावं कारण त्याच्या समोर स्टुलावर बसलेलं होतं. एकदा तो म्हणाला, “यार, तू नसतीस तर मी पागल झालो असतो.” मी पुढचं कलम वाचलं.

एक्केचाळीसही संपली तेव्हा त्याने ठरवलं की चूक त्याच्या डोक्यात आहे. प्रकल्पाच्या सरांना तसं सांगितलं. सर भले माणूस. त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “बेटा, गाड़ी वही अच्छी जो घर पहुँचा दे।” मागची चाकं सरळ करून वेल्डिंगने जाम केली. वेल्डिंगच्या वेळी चाक माधवनेच धरलं होतं. पुण्याच्या एका कारखान्याने त्याला या प्रकल्पावरच मुलाखतीला बोलावलं होतं. त्याने पत्र लिहून कळवलं की चाचणीत तत्त्व टिकलं नाही, म्हणून येत नाही. ते पत्र मला वाचून दाखवलं, शुद्धलेखन बघ म्हणाला. मी एक वेलांटी सुधारली.

तो आज बनारसलाच एका कॉलेजात गणित शिकवतो. मी पुण्यात नोकरी केली — गाड्यांच्या चाचण्यांची. मुलाखतीत ती एक्केचाळीस कारणांची यादी दाखवली होती. त्यांना फार आवडली.

एक राहिलं. तेच सांगायला इतका वेळ लावते आहे.

पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी मी रामघाटावर निरोप घ्यायला गेले. माधवच्या आईने कुंकू लावलं, हातावर साखर ठेवली. मग आत हाक मारली. “माधव, बाहेर ये. पाया पड तिच्या. परक्याची लेक मारली असतीस ना रे तू.”

“अगं आई —” तो म्हणाला.

“आई-बिई काही नाही. पड.”

तो माझ्याहून वर्षाने मोठा. त्या घरात मोठ्याने धाकट्यापुढे वाकल्याचं कुणी पाहिलं नसेल. आतल्या खोलीत त्याच्या वडिलांचा पाठ चालला होता, तो थांबला. माधव थट्टा करेल असं मला वाटलं. त्याने केली नाही. तो खरोखर वाकला, आणि त्याची बोटं माझ्या पायांना लागली. थंड होती.

मी पाय मागे घेतले नाहीत.

“असू दे,” मी म्हटलं. “मी माफ केलं तुला.”